थडगं कुणाचं, नाव कुणाचं : नगरच्या जागांच्या नोंदी

७ जून

सुरुवात करतोय. काल पुण्याहून एक मित्र आला होता, त्यानं विचारलं एक दिवस मोकळा आहे, नगरमध्ये काय बघू, आणि आम्ही चौघं तिथं बसलेलो, चौघंही इथंच जन्मलेले, इथंच शाळा-कॉलेज केलेले, पण शिर्डी आणि शिंगणापूरच्या पुढं एकाच्याही तोंडून काही निघेना. मग कुणीतरी म्हणालं चांदबीबीचा महाल, तोही संध्याकाळी गाडी काढून वारा खायला जायची जागा म्हणून. रात्री झोपच लागली नाही नीट. १४९० मध्ये मलिक अहमदनं इथल्याच माळावर बहमनी फौज हरवली, मग शहर वसवलं, १६०० पर्यंत ही निजामशाहीची राजधानी होती, एवढं तरी शाळेत शिकलेलो, पण त्यातलं आज कुठं काय उभं आहे हे धड सांगता येऊ नये हे मनाला लागलं.

तर ठरवलं. दर रविवारी एक जागा. मी, शाळेपासूनचा दोस्त (कॅमेरा आणि गाडी त्याची), आणि मावसभाऊ, ज्याला आम्ही दादाच म्हणतो, तो सिव्हिलवाला आहे म्हणून टेप आणि जीपीएस त्याच्याकडं. एक शीट बनवलीय, रकाने असे: लोक काय नाव सांगतात, लोक कशाला घाबरतात, कागद काय म्हणतो, आज काय उरलंय. कागद म्हणजे मुख्यतः इंग्रजांच्या काळातलं मुंबई इलाख्याचं गॅझेटियर, सतरावा खंड नगर जिल्ह्याचा, १८८४ चा. त्याचे पीडीएफ मोबाईलमध्ये टाकून घेतलेत.

भीतीचा रकाना दोस्ताच्या सांगण्यावरून. तो म्हणाला, लोक जिथं घाबरतात तिथंच काहीतरी जुनं असतं बघ. सध्या लिहून ठेवतो, खरं-खोटं पुढं कळेल.

जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण घरात बोलताना नगरच येतं तोंडात, नोंदीत पण तसंच राहू दे.

१५ जून

शहा डोंगर. चांदबीबी महाल.

पाथर्डी रोडनं निघालो, पहाटे साडेपाचला वर. पाऊस अजून नाही, पण ढग खाली आलेले. घरातून निघताना आजी दारात उभी, म्हणाली अंधारात वर जाऊ नका रे, चांदबीबी मशाल घेऊन फिरते तिथं. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकतोय. भीतीच्या रकान्यात पहिली एन्ट्री तीच.

आता मुख्य गोष्ट. हा महाल नाहीच. आणि चांदबीबीचा तर अजिबात नाही. ही कबर आहे, सलाबतखानाची, जो मुर्तजा निजामशहाचा वजीर होता. अष्टकोनी, तीन मजली, दगड इतका साधा आणि इतका जाड की जवळ गेल्यावर आवाज सुद्धा बदलतो आपला. नक्षी जवळपास नाहीच. लांबून, म्हणजे शहरातून बघितलं की डोंगरावर एकटा बुरुज ठेवल्यासारखा दिसतो आणि मला वाटतं त्यामुळंच लोकांनी तो राणीला देऊन टाकला असणार, एवढ्या उंचावर एकटी उभी राहणारी दुसरी कोण आठवणार.

खाली तळघरात उतरलो. वटवाघळांचा वास, पायाखाली मऊ माती, आणि मधोमध दोन थडगी, खानाचं आणि त्याच्या एका बायकोचं. दोस्त टॉर्च लावत होता तर दादा म्हणाला थांब, बंद कर. थांबलो. सूर्य वर आला तसं एका झरोक्यातनं उजेडाची पट्टी आत शिरली आणि हळूहळू जमिनीवरून सरकत गेली. दहा-बारा मिनिटं कुणीच काही बोललं नाही. फोटो एकच काढला दोस्तानं, तोही नंतर.

वर आल्यावर मी त्यांना सलाबतखानाची जी गोष्ट वाचून दाखवली ती इथं लिहून ठेवतो कारण ती मला विसरायची नाहीये. फिरिश्ता नावाचा इतिहासकार त्या काळात निजामशाहीच्या नोकरीत होता, त्यानं लिहिलंय. मुर्तजा हा राजा, त्याला लोक दिवाना म्हणायचे, वर्षानुवर्षं कुणाला तोंडच दाखवायचा नाही, सगळा कारभार सलाबतखान बघायचा. एक दिवस राजाचं डोकं फिरलं आणि तो म्हणाला की मला तू नकोस. फौज खानाच्या बाजूनं, लोक सांगत होते ऐकू नको. ह्यानं फक्त विचारलं, कुठल्या किल्ल्यावर जाऊ? राजा म्हणाला दंडाराजपुरी. ह्यानं स्वतःच्या पायात बेड्या घालून घेतल्या आणि पालखीत जाऊन बसला.

त्या माणसाच्या थडग्यावर लोक चांदबीबी म्हणून हात जोडतात आणि भिंतीवर खिळ्यानं स्वतःची नावं कोरतात. बदामात बाण काढलेत. जमिनीपासून हात पोचेल तिथपर्यंत एक दगड कोरा नाही. दादानं मोजायला सुरुवात केली, मग सोडून दिलं.

१६ जून

कालच्या नोंदीत एक राहिलं. उजेडाच्या पट्टीची वेळ ६ वाजून ४ ते ६ वाजून १६. ही जूनची वेळ, हिवाळ्यात परत जाऊन बघायला हवं कुठं पडते ते.

२२ जून

फराहबाग. लोक फऱ्याबाग म्हणतात.

शहराच्या आग्नेयेला, लष्कराच्या भागाजवळ, रणगाडा म्युझियम बघायला शाळेच्या सहली येतात तिथून अगदी हाकेच्या अंतरावर, पण सहलीतली पोरं रणगाडे बघून परत जातात. आम्ही गेलो तेव्हा आत एक कुत्रं आणि आम्ही.

१५८३ मध्ये पूर्ण झालेला महाल. हाही सलाबतखानानंच संपवला, आधी दुसऱ्यानं सुरू केलेला. भोवती चारही बाजूंनी तलाव होता, महाल पाण्याच्या मधोमध, आता पाणी नाही, वाळलेला खोलगट भाग आहे, त्यात बाभळी आणि गवत. मधल्या दालनात उभं राहून वर बघितलं की घुमट, आणि चारही बाजूंना उंच कमानी, त्यातनं वारा येतो तो थेट अंगावर. बाहेर चाळीसच्या जवळ ऊन, आत थंड. कुठं पाणी खेळवलं असेल, कुठनं हवा घेतली असेल हे दादा तासभर हात दाखवून सांगत होता, आणि त्याला असं बोलताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

इथं मुर्तजा दिल्लीहून आलेल्या एका कलावंताबरोबर बुद्धिबळ खेळत बसायचा. त्याच्यासाठी बागेत वेगळा लाकडी महाल बांधून दिला, लक्कड महाल, त्याचं आता काही दिसत नाही. इंग्रजांच्या काळात ह्याच बागेत तुती लावून रेशीम काढायचे प्रयोग झाले.

लोकांना इथं काय भीती वाटते? गुराखी मुलगा होता एक, म्हणाला आत कुणीतरी कण्हतं. कमानींतून वारा गेला की आवाज येतो हे खरंय, आम्ही पण ऐकला, रेकॉर्ड केलाय. पण मग मी त्याला खरी गोष्ट सांगितली, आणि ती सांगताना माझ्याच अंगावर काटा आला. मुर्तजाला संशय आला की आपला मुलगा मीरान हुसेन गादी घेणार. त्यानं मुलगा झोपलेला असताना अंथरुणाला आग लावली. मुलगा वाचला. १५८८ मध्ये तोच मुलगा फौज घेऊन आला आणि त्यानं बापाला हमामखान्यात कोंडलं, दारं-खिडक्या बंद केल्या आणि खाली मोठा जाळ लावला. बाप गुदमरून मेला. आणि मुलगा? वर्षभरही टिकला नाही, त्याचंही डोकं उडवलं.

गुराखी मुलानं विचारलं, मग कण्हतं ते हेच का? मी म्हणालो वारा आहे. तो म्हणाला, असंल, पण गोष्ट खरी आहे ना. यावर मला काही बोलता आलं नाही.

२९ जून

पाऊस. दमडी मशिदीपर्यंतच गेलो, किल्ल्याच्या पलीकडं. १५६७ ची. छोटी आहे पण दगडावरचं कोरीव काम बघून दोस्त भिजत उभा राहिला, नगरमधल्या बाकी इमारती बघता हे काम फारच नाजूक आहे. किल्ल्याचं बांधकाम चाललं होतं तेव्हा मजुरांनी रोजच्या मजुरीतनं एकेक दमडी बाजूला काढून बांधली म्हणून हे नाव, असं इथं सगळे सांगतात. शीटमध्ये भीतीचा रकाना रिकामा. इथं कुणीच कशाला घाबरत नाही. मला हे महत्त्वाचं वाटतं, इथं माणसं रोज येतात, झाडलोट होते, नावाची गोष्ट लहान पोरांना पण माहितीये.

परत येताना गाडी बंद पडली, भिंगारपासून ढकलत आणली. कॅमेरा कोरडा राहिला.

६ जुलै

बाग रौजा, नालेगावच्या बाजूला, सीना नदीजवळ.

निजामशाहीचा पहिला राजा इथं आहे, ज्यानं शहर वसवलं तो अहमद निजामशहा. काळ्या दगडाची कबर, आत कोरलेल्या कुराणातल्या आयतांवर सोन्याचा मुलामा होता त्याच्या खुणा. शहर ज्यानं वसवलं त्याच्या कबरीकडं जायचा रस्ता विचारला तर तीन जणांनी तीन वेगळीकडं पाठवलं.

पण आज आम्ही खरं तर हत्तीसाठी गेलो होतो. गॅझेटियरमध्ये दोन ओळी आहेत, की इथं गुलाम अली नावाच्या हत्तीची कबर आहे. १५६५ ची तालिकोटची लढाई, विजयनगरचा रामराय पालखीतनं की सिंहासनावरनं लढाई बघत होता, निजामशाहीचा हत्ती अंगावर आला, गडबड उडाली आणि रामराय पकडला गेला. त्या हत्तीचं नाव गुलाम अली. हुसेन निजामशहानं रामरायाचं डोकं तिथंच उडवलं. आणि हत्ती मेल्यावर त्याला इथं पहिल्या राजाच्या शेजारी जागा दिली.

छोटी दगडी छत्री आहे. एवढंच. दोस्त बराच वेळ तिथं बसून राहिला, त्यानं कुत्रा गमावलाय मागच्याच महिन्यात. मी काही विचारलं नाही.

ह्याच्याशी जोडलेली अजून एक गोष्ट आहे, ती शीटमध्ये लिहू की नको असा वाद झाला आमच्यात. ब्रिग्ज नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिहून ठेवलंय की रामरायाचं खरं डोकं त्या काळापर्यंत नगरमध्ये होतं, ज्यानं ते उडवलं त्याच्या वंशजांकडं, आणि दरवर्षी लढाईच्या दिवशी तेल-शेंदूर लावून दाखवलं जायचं. अडीचशे वर्षं. दादा म्हणाला असलं लिहिलं की लोक फक्त तेवढंच उचलतात आणि भांडत बसतात. दोस्त म्हणाला लपवलं तर आपण पण त्यातलेच झालो. मी लिहिलं. हत्तीच्या ओळीखाली, हत्तीपेक्षा लहान अक्षरात नाही आणि मोठ्या पण नाही.

१३ जुलै

भुईकोट किल्ला. लष्कराच्या ताब्यात आहे म्हणून ओळखपत्रं घेऊन गेलो, आत जिथं नको म्हणाले तिथं कॅमेरा काढला नाही.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये नेहरू, पटेल, मौलाना आझाद ह्या सगळ्यांना इथं आणून ठेवलं त्या खोल्या सगळ्यांना माहितीयेत, नेहरूंनी भारताच्या इतिहासावरचं आपलं मोठं पुस्तक इथंच लिहिलं. त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही, ती जागा विसरलेली नाहीये.

मला बघायचा होता तट आणि खंदक. १५९५ च्या शेवटी अकबराचा मुलगा मुराद फौज घेऊन आला, वेढा पडला, तटाखाली सुरुंग खणून दारू भरली. चांदबीबी आत. तिला सुरुंगांची बातमी लागली तसे आतनं उलटे खणून दारू काढून घ्यायला लावली, पण एक उडालाच, तटाला भगदाड पडलं. माणसं पळायला लागली. ती बुरखा ओढून, हातात तलवार घेऊन भगदाडात येऊन उभी राहिली. दिवसभर लढाई झाली, आणि रात्रीतनं भिंत परत चढवली. सकाळी मुघलांनी बघितलं तर भगदाड बंद. ती भिंत म्हणजे चांदबीबीची खरी जागा. डोंगरावरचा बुरुज नाही, हा खंदकाकाठचा तट.

१६०० मध्ये परत मुघल आले तेव्हा ती बोलणी करायला बघत होती, तर तिच्याच माणसांनी फितुरीचा आळ घेऊन तिला मारलं. मशाल घेऊन फिरणारी म्हणून आजी जिला घाबरते ती ही बाई. शत्रूनं नाही मारलं तिला.

खंदकाच्या कडेनं पूर्ण फेरी मारली, मैलापेक्षा थोडी जास्तच भरते. १८०३ च्या ऑगस्टमध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीनं आधी पेठ घेतली आणि मग चार दिवसांत किल्ला. बापू गोखले तेव्हा इंग्रजांबरोबर होता, त्यानं पत्रात लिहिलंय की हे इंग्रज लोक अजब आणि ह्यांचा सेनापती पण अजब, सकाळी आले, पेठेची भिंत बघितली, चढून गेले, आतल्या सगळ्यांना मारलं आणि न्याहारीला परत आले. भिंतीपाशी मेलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांची नावं दगडावर आहेत. आतल्यांची नाहीत.

२० जुलै

खापरी नळ. हे शोधायला सगळ्यात अवघड गेलं आणि सगळ्यात जास्त आनंद पण इथंच झाला.

निजामशाहीत शहराला आणि बागांना पाणी डोंगराकडनं यायचं, कापूरवाडी, शेंडी, वडगाव अशा बाजूंनी, जमिनीखालनं भाजलेल्या मातीच्या नळांतून, उतार इतका बेताचा ठेवलेला की पाणी आपोआप सरकत यावं, कुठंही पंप नाही की मोट नाही. मधे मधे हौद, गाळ खाली बसावा म्हणून, आणि हवा निघून जायला उच्छ्वास. हवा अडकली तर पाणी थांबतं किंवा नळ फुटतो, म्हणून उच्छ्वास. फराहबागेतला तलाव, बेहेस्ती बागेतला तलाव, घराघरांतले हौद, सगळं ह्या पाण्यावर.

कापूरवाडीच्या बाजूला एका शेतात असा एक दगडी खांबासारखा उंचवटा सापडला, वर भोक. शेतकरी आजोबा बांधावर बसलेले. म्हणाले ह्याच्याजवळ रात्री कुणी जात नाही, आत बाई रडते. कधीपासून? माझ्या बापाच्या पण आधीपासून. मी कान लावला. काही नाही. दादानं कान लावला आणि हाताने थांबा म्हणाला. वारं सुटलं तसं खालून हुंकारासारखं काहीतरी आलं, लांबलचक, आणि थांबलं.

दादानं आजोबांना समजावून सांगितलं, बाबा, हे पाण्याच्या नळाचं नाक आहे, खाली नळ अजून काही अंतर पोकळ असणार म्हणून हवा खेळते. आजोबा ऐकत होते. मग म्हणाले, म्हणजे हे पाणी शहरात जायचं? आमच्या गावाखालनं? आणि मग उठून त्यांनी स्वतःच भोवतीचं गवत काढायला सुरुवात केली. आम्ही पण लागलो. दोन तासांत फुटक्या नळाचे तीन तुकडे दिसले, जागचे हलवले नाहीत, फोटो काढले, मोजलं, माती परत सारखी केली. आजोबांनी घरी नेऊन चहा दिला आणि सुनेला सांगत होते की आपल्या शेतात नाक आहे.

तो उंचवटा गेल्या वर्षी पाडायचा होता म्हणे, ट्रॅक्टर वळत नाही म्हणून. भीतीमुळं राहिला. हे मी शीटमध्ये लाल रंगानं लिहिलंय. लोक घाबरत होते म्हणून तो वाचला, आणि आता आम्ही भीती घालवून आलो. दोस्तानं गाडीवर हेच विचारलं, आता पाडला तर? आजोबांचा नंबर घेतलाय, दर महिन्याला फोन करायचा असं ठरवलं.

१० ऑगस्ट

मधले दोन रविवार पावसात गेले.

डोंगरगण आणि मांजरसुंबा. डोंगरगणच्या दरीला इंग्रजांनी हॅपी व्हॅली नाव दिलेलं, धबधबा सुरू झाल्यावर गर्दी असते, मंदिरापर्यंत लोक येतात आणि वळतात. वरच्या मांजरसुंबा गडावर मात्र आम्ही तिघंच. धुकं इतकं की दहा पावलांवरचा दादा दिसत नव्हता, आवाज देत देत चाललो.

पडका महाल एकदम समोर उभा राहतो. कमानी उभ्या, छत गेलेलं. हमामाचे अवशेष, पाण्याची टाकी, आणि कड्याच्या बाजूला खालून पाणी वर ओढायची जागा. निजामशाहीतले हे लोक पाण्यासाठी काय काय करत होते, डोंगराच्या डोक्यावर आंघोळीचा महाल म्हणजे किती माणसांचे हात लागले असतील त्या पाण्याला.

गडावर एक बोगदा आहे, त्याच्या तोंडाशी दोस्त थांबला. नाही म्हणाला, मी येत नाही. त्याला काय वाटलं ते त्यालाही सांगता येईना, नुसता घाम. मी एकटा पाच-सात पावलं गेलो, टॉर्चच्या उजेडात ओल्या भिंती, पुढं पाणी साचलेलं, आणि मलाही एकाएकी मागं वळावंसं वाटलं, वळलो. नियम केलाय आम्ही, तिघांपैकी एकाला जरी नको वाटलं तरी परत. साप असेल, हवा कोंदट असेल, कारण नंतर शोधता येतं. भीतीच्या रकान्यात पहिल्यांदाच आमचं स्वतःचं नाव लिहिलं.

२४ ऑगस्ट

भातोडी.

ह्या नोंदीसाठी मी दोन आठवडे वाचत होतो. नगरच्या पूर्वेला भातोडी पारगाव. तिथला तलाव मुळात सलाबतखानानंच बांधलेला, इंग्रजांच्या काळात दुरुस्त झाला. पुन्हा तोच माणूस, जिथं जावं तिथं.

१६२४ मध्ये ह्या तलावाकाठी मुघल आणि आदिलशाही अशी दोन्ही फौजा एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला मलिक अंबर, जो गुलाम म्हणून आफ्रिकेतनं आला आणि निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. समोरची फौज कितीतरी मोठी. अंबरनं तलावाचा बांध फोडला. समोरच्यांची छावणी चिखलात बसली, तोफा हलेनात, रसद तुटली, रात्री-बेरात्री छापे. निजामशाही जिंकली. अंबरच्या बाजूनं लढत होते शहाजीराजे आणि त्यांचे सख्खे भाऊ शरीफजी. शरीफजी इथं पडले. शिवाजी महाराजांचे काका. महाराजांचा जन्म व्हायला अजून सहा वर्षं होती.

समाधी साधी आहे. आम्ही गेलो तेव्हा कुणीतरी नुकतीच झाडून झेंडूची फुलं ठेवली होती. गावातल्या एका काकांनी सांगितलं की गावातली पोरं येऊन साफ करतात.

आणि हे लिहायचंच आहे. शहाजी आणि शरीफजी ही नावं नगरच्या शाह शरीफ दर्ग्यावरून. मालोजीराजांना मूल होत नव्हतं, त्यांनी त्या दर्ग्याला नवस केला, दोन मुलं झाली, एकाचं नाव शहाजी, दुसऱ्याचं शरीफजी. येताना आम्ही त्या दर्ग्यावरूनच आलो, मुद्दाम. नवस जिथं बोलला ती जागा आणि तो मुलगा जिथं पडला ती जागा, एका सकाळीत दोन्ही होतात.

बांधावर उभं राहिलो. तलावात पाणी होतं, बगळे होते. मी दादाला विचारलं बांध कुठं फोडला असेल, तो कितीतरी वेळ उताराकडं बघत बसला आणि मग एका बाजूला बोट करून म्हणाला, मी असतो तर तिथं. मग गप्प झाला.

७ सप्टेंबर

आज नवीन जागा नाही. आजीला शहा डोंगरावर नेलं.

महिनाभर ती रोज रात्री विचारायची आज कुठं गेला होतात आणि मी सांगायचो, आणि परवा म्हणाली मला पण दाखव. गाडी वरपर्यंत जाते म्हणून जमलं. दुपारी नेलं, उजेडात. परसातली जास्वंद पिशवीत घेतली होती तिनं, विचारलं तर म्हणाली रिकाम्या हातानं कसं जायचं बाईकडं.

तळघरात उतरवताना तिचा हात थरथरत होता, वयानं की भीतीनं माहीत नाही, विचारलं नाही. दोन्ही थडग्यांसमोर उभी राहिली. म्हणाली, ह्यातली ती कुठली?

मी सांगितलं, आजी, ती इथं नाहीच. हा सलाबतखान. बेड्या घालून घेतलेला तो. भातोडीचं तळं बांधलेला तो.

भातोडीचं? तिनं परत विचारलं. तिची थोरली बहीण त्या भागात दिली होती, हे मला आज कळलं. बहिणीकडं गेलं की ती त्या तळ्यावर जायची, लग्नाआधी. एवढी वर्षं ज्याचं पाणी प्यालं त्याच्या नावानं आपण भूत सांगत बसलो, असं काहीतरी पुटपुटली. मग पिशवीतली फुलं काढली, अर्धी एका थडग्यावर, अर्धी दुसऱ्यावर. ही त्याची बायको ना, मग तिला नको का.

वर आल्यावर भिंतीवर कोरलेली नावं तिनं पदरानं पुसायचा प्रयत्न केला. दगडातली, निघणार कशी.

खाली उतरताना म्हणाली, आणि ती बिचारी मग कुठं लढली म्हणालास? किल्ल्यात. तिथं पण ने एकदा.

शीटमध्ये आजच्या तारखेला बदल: पहिल्या ओळीतलं भीतीच्या रकान्यातलं वाक्य आजीनं खोडायला सांगितलंय. खोडलं नाही, पुढं तारीख टाकून लिहिलं, सांगणारीनं परत घेतलं. पुढचा रविवार सावेडीपलीकडची बेहेस्ती बाग, १५०६ ची, दादानं सकाळी सहाची वेळ दिलीय. बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या.